एक वाक्य, तीन व्याकरणे : बऱ्हाणपूर-लालबागच्या भाषिक परंपरेतून इंग्रजी व्याकरणाच्या प्रश्नांकडे

प्रास्ताविक

‘रामाने आंबा खाल्ला’ हे वाक्य कोणत्या प्रयोगातील आहे, असे मराठी शाळेत शिकलेल्या विद्यार्थ्याला विचारले तर तो ‘कर्मणी’ असे उत्तर देतो. ‘राम ने आम खाया’ हे वाक्य उर्दू शाळेत शिकलेल्या विद्यार्थ्यासमोर ठेवले तर त्यातील क्रियापदाला तो ‘फेल-ए-मारूफ’, म्हणजे ज्याचा कर्ता ज्ञात आहे असे क्रियापद, म्हणतो. हिंदी माध्यमाचा विद्यार्थी त्याच वाक्याला ‘कर्तृवाच्य’ म्हणतो. तिघांचीही उत्तरे त्यांच्या त्यांच्या पुस्तकाप्रमाणे बरोबर असतात. इंग्रजीच्या तासाला मात्र एकच उत्तर अपेक्षित असते : ‘राम एट द मँगो’, ॲक्टिव्ह व्हॉइस. ‘कर्मणी म्हणजे पॅसिव्ह’ असे एकदा ऐकलेला मराठी विद्यार्थी तेथे अडखळतो. तो ‘द मँगो वॉज ईटन बाय राम’ असे लिहितो, आणि अधिक गोंधळलेला असेल तर ‘राम वॉज ईटन द मँगो’ असेही लिहितो.

अशा उत्तरावर लाल शाई फिरते आणि विषय तेथेच संपतो. विद्यार्थी मात्र आपली भाषाच आपल्याला इंग्रजीपासून अडवते, असा समज घेऊन वर्गाबाहेर पडतो. पहिल्यांदाच महाविद्यालयात पोहोचलेल्या कुटुंबातील मुलामुलींच्या बाबतीत हा समज फार महाग पडतो. इंग्रजीच्या भीतीने विषय बदलणे, परीक्षा टाळणे, मुलाखतीला न जाणे हे परिणाम शिक्षकांना परिचित आहेत. म्हणून अशा चुका येतात कोठून, याचा इतिहास पाहणे आवश्यक ठरते.

प्रस्तुत लेखात हा इतिहास बऱ्हाणपूर आणि त्याचे उपनगर लालबाग यांना मध्यभागी ठेवून मांडला आहे. उर्दू, मराठी, हिंदी, निमाडी आणि खानदेशी या भाषा एकाच बाजारात आणि अनेकदा एकाच वर्गात ऐकू येतात, असे हे ठिकाण आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या वीस वर्षांत मराठी, उर्दू आणि हिंदी या तीनही भाषांची महत्त्वाची व्याकरणे याच परिसराच्या तीन बाजूंना वावरलेल्या अभ्यासकांनी लिहिली, हा योगायोग आजच्या इंग्रजी शिक्षकाला फार उपयोगी पडणारा आहे.

बऱ्हाणपूर आणि लालबाग : भाषांचे ठाणे

खानदेशच्या फारुकी घराण्यातील नसीर खान याने इ.स. १४०० च्या सुमारास तापीकाठी बऱ्हाणपूर वसवले आणि खुलदाबादचे सूफी संत शेख बुऱ्हानुद्दीन गरीब यांचे नाव त्याला दिले. शहराच्या भाषिक वृत्तीचा सर्वांत बोलका पुरावा तेथील जामा मशिदीत आहे. राजा अली खान ऊर्फ आदिल शाह फारुकी याच्या काळात, १५९० च्या सुमारास पूर्ण झालेल्या या मशिदीत अरबी शिलालेखाबरोबर संस्कृत शिलालेखही कोरलेला आहे. एकच आशय दोन भाषांत, दोन लिप्यांत मांडणे या शहराला तेव्हाही वावगे वाटत नव्हते.

१६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती आला आणि बऱ्हाणपूर मोगलांच्या दख्खन कारभाराचे केंद्र बनले. येथे दीर्घकाळ राहिलेला अब्दुर्रहीम खान-ए-खानान हा स्वतः भाषांतरकार होता. बाबराची आत्मकथा त्याने चगताई तुर्कीतून फारसीत आणली होती आणि ब्रज भाषेत त्याने केलेली रचना आजही शाळांतून शिकवली जाते. त्याच्याच काळात, १६१५ मध्ये, लालबागच्या परिसरात भूमिगत जलवाहिन्यांची जी योजना आकाराला आली ती ‘कुंडी भंडारा’ या नावाने ओळखली जाते. मार्च २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारशाच्या यादीत तिचा समावेश झाला तो मात्र ‘खूनी भंडारा’ या नावाने. ‘कुंडी’चे ‘खूनी’ बोलता बोलता झाले, असे सांगितले जाते. मूळ शब्द कोणता आणि लोक काय म्हणतात, या दोहोंतील अंतर हा वापराचा प्रश्न लालबागच्या जमिनीतच मुरलेला आहे.

योगायोगाची गोष्ट अशी की, १६१५ सालीच इंग्लंडचा वकील सर टॉमस रो हा सुरतेहून अजमेरकडे जाताना नोव्हेंबर महिन्यात बऱ्हाणपुरास थांबला आणि शहजादा परवेझ याच्या दरबारात हजर झाला. त्याचे बोलणे दुभाष्यामार्फत झाले. इंग्रजी त्या वेळी या शहरात पाहुणी होती आणि फारसीच्या आधाराशिवाय तिचे काम होत नव्हते. अडीचशे वर्षांनी चित्र उलटले. शिंद्यांच्या ताब्यातील बऱ्हाणपूर १८६० च्या सुमारास इंग्रजांकडे गेले आणि १८६४ मध्ये निमाड जिल्हा मध्य प्रांताला जोडला गेला. फारसी आणि मोडी मराठी यांच्या जागी इंग्रजी ही वरच्या कारभाराची भाषा बनली.

त्याच दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग भुसावळकडून खंडव्याकडे सरकला आणि बऱ्हाणपूरचे स्थानक गावापासून थोडे दूर, लालबागेत झाले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी ताप्ती मिल उभी राहिली. उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या मोमीन विणकरांनी हातमाग आणि नंतर यंत्रमाग यांवर शहराचा मुख्य धंदा उभा केला. स्थानक, गिरणी आणि माग या तीन वाटांनी इंग्रजी शब्द पुस्तकाच्या आधीच घराघरांत पोहोचले : तिकीट, गार्ड, पार्सल, सिग्नल, लूम, बीम, शटल, बॉबिन. येथील विद्यार्थी इंग्रजी शब्दांना अनोळखी नसतो. त्याला अनोळखी असते ती इंग्रजी वाक्याची बांधणी.

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात राहिले. १५ ऑगस्ट २००३ रोजी तो स्वतंत्र जिल्हा झाला. राज्याची सीमा भाषांमधून गेली. घरातील बोली मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंना राहिली.

मकतबातील ‘सर्फ’ आणि शाळेतील ‘ग्रामर’

इंग्रजी शाळा येण्यापूर्वी येथील मुलांना व्याकरण ठाऊक नव्हते, असे समजणे चुकीचे आहे. मकतबात फारसीची सुरुवात ‘आमदनामा’ या लहानशा पुस्तिकेने होई. तीत क्रियापदांची रूपे पुरुष-वचन-काळानुसार मांडलेली असत आणि ती तोंडपाठ करावी लागत. पुढे अरबीसाठी सर्फ आणि नहव ही दोन शास्त्रे होती. सर्फ म्हणजे शब्दरूपांचा विचार आणि नहव म्हणजे वाक्यातील संबंधांचा विचार. वाक्य फोडून प्रत्येक शब्दाचे काम सांगण्याला ‘तरकीब’ म्हणत. इंग्रजी शाळेत ‘पार्सिंग’ आले तेव्हा मकतबातून आलेल्या विद्यार्थ्याला ते नाव नवे होते, काम जुनेच होते.

मराठीची वाट थोडी वेगळी होती. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण श्रीरामपूर येथे १८०५ मध्ये छापले गेले ते इंग्रजांना मराठी शिकवण्यासाठी. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे १८३६ चे व्याकरण मराठी मुलांसाठी होते, परंतु त्याची मांडणी बरीचशी इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर होती. मराठीतील स्वल्पविराम, पूर्णविराम इत्यादी चिन्हेही इंग्रजीच्या सहवासातून रुळली. मेजर टॉमस कँडी यांची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ ही पुस्तिका १८५० ची आहे. म्हणजे मराठी व्याकरणाने इंग्रजीकडून साचा घेतला आणि नंतर मराठी विद्यार्थी त्याच साच्यातून इंग्रजी शिकू लागला. दोन्ही ठिकाणी नावे सारखी दिसत असल्यामुळे आतला आशयही सारखाच असेल, असे त्याला वाटले. गोंधळाचे बीज येथे आहे.

तीन व्याकरणकार, एक दशक

१९११ मध्ये मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ प्रसिद्ध झाले. १९१४ मध्ये मौलवी अब्दुल हक यांचे ‘कवाइद-ए-उर्दू’ आले. अब्दुल हक तेव्हा औरंगाबादेत शिक्षण खात्यात होते आणि अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे कार्यालयही त्यांनी तेथेच आणले होते. १९२० मध्ये काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने पंडित कामताप्रसाद गुरू यांचे ‘हिंदी व्याकरण’ प्रकाशित केले. गुरू हे सागरचे, आणि जबलपूर ही त्यांची कर्मभूमी. नकाशावर पुणे, औरंगाबाद आणि जबलपूर ही ठिकाणे जोडली तर बऱ्हाणपूर त्यांच्या मधल्या वाटेवर येते.

हे तिघे एकमेकांपासून तुटलेले नव्हते. गुरूंना आपल्या ग्रंथाची रचना करताना दामले यांच्या मराठी व्याकरणाचा उपयोग झाला. अब्दुल हक यांनी मराठीवरील फारसीच्या प्रभावावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. त्यांच्या व्याकरणाची भूमिका शिक्षकांनी विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. उर्दूच्या आधीच्या व्याकरणकारांनी अरबीचे नियम जसेच्या तसे उर्दूवर लादले, उर्दू मात्र मुळात हिंदुस्थानी घडणीची भाषा आहे, म्हणून तिचे नियम तिच्या स्वतःच्या वापरातून काढले पाहिजेत, असे त्यांचे म्हणणे होते. अरबीचा प्रचंड आदर असलेल्या विद्वानाने हे म्हणावे, याला वजन आहे. एका भाषेचा साचा दुसरीवर ठेवून चालत नाही, हे तत्त्व इंग्रजीलाही तितकेच लागू पडते.

‘ने’ आणि पॅसिव्ह व्हॉइस

आता सुरुवातीच्या वाक्याकडे वळता येईल. ‘रामाने आंबा खाल्ला’, ‘रामाने पोळी खाल्ली’. क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे बदलते, कर्त्याच्या नव्हे. मराठी परंपरा क्रियापद कोणाच्या मागे जाते हे पाहते, म्हणून ती याला कर्मणी प्रयोग म्हणते. या नावामागे इतिहासही आहे. संस्कृतातील ‘रामेण आम्रः खादितः’ या धर्तीची रचना खरोखर कर्मप्रधान होती आणि आजचे वाक्य तिच्याच वंशातले आहे.

उर्दू व्याकरण वेगळ्या टोकाकडून पाहते. तेथे प्रश्न असा असतो : काम करणारा वाक्यात सांगितला आहे की नाही ? सांगितला असेल तर क्रियापद ‘मारूफ’, म्हणजे ओळखीचे. सांगितला नसेल तर ‘मजहूल’, म्हणजे अज्ञात. ‘राम ने आम खाया’ यात राम समोर आहे, ‘ने’ ही त्याचीच खूण आहे, म्हणून वाक्य मारूफ. ‘आम खाया गया’ यात खाणारा अज्ञात आहे, म्हणून मजहूल.

गुरूंनी हिंदीसाठी या दोन्ही दृष्टी वेगवेगळ्या ठेवल्या. क्रियापद कोणाशी जुळते याला त्यांनी ‘प्रयोग’ म्हटले आणि वाक्य कोणाविषयी विधान करते याला ‘वाच्य’. त्यामुळे ‘लड़के ने रोटी खाई’ हे त्यांच्या मते कर्तृवाच्य आहे आणि त्याच वेळी कर्मणिप्रयोगातही आहे. इंग्रजी शिकवणाऱ्यासाठी सर्वांत मोलाचा भेद हाच आहे. इंग्रजीतील ‘व्हॉइस’ ही संकल्पना ‘वाच्य’ या शब्दाच्या जवळची आहे, ‘प्रयोग’ या शब्दाच्या नव्हे. इंग्रजीत क्रियापद कर्माशी जुळण्याची रीतच नाही, म्हणून मराठीच्या अर्थाने ‘कर्मणी प्रयोग’ इंग्रजीत संभवत नाही. आधुनिक भाषाशास्त्रात या ‘ने’च्या रचनेला ‘अर्गेटिव्ह’ असे नाव आहे आणि ती पॅसिव्हपासून वेगळी मानली जाते.

यातून वर्गासाठी दोन गोष्टी निघतात. पहिली, ‘कर्मणी म्हणजे पॅसिव्ह’ हे समीकरण सोडून द्यावे. मराठीत इंग्रजी पॅसिव्हच्या जवळची रचना दाखवायची असेल तर ती ‘रामाकडून रावण मारला गेला’ ही आहे. शालेय मराठी पुस्तकांत तिला ‘नवीन कर्मणी’ किंवा ‘कर्मकर्तरी’ म्हणतात. दुसरी, ‘मजहूल’ हा शब्द सर्व विद्यार्थ्यांना सांगावा. पॅसिव्ह केव्हा वापरावे, या नेहमीच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर त्या शब्दाच्या अर्थातच आहे : करणारा माहीत नसेल किंवा त्याला सांगण्याची गरज नसेल तेव्हा. ‘माय सायकल वॉज स्टोलन’ या वाक्यात चोर मजहूल आहे, म्हणून ते नैसर्गिक वाटते. ‘टी वॉज ड्रंक बाय मी’ यात पिणारा मीच आहे, मग त्याला लपवून शेवटी आणण्याचे कारण नाही. परीक्षेसाठी पन्नास वाक्यांचे यांत्रिक रूपांतर करून जे साधत नाही, ते एका अरबी शब्दाच्या अर्थाने साधू शकते.

आणखी काही नेहमीचे प्रश्न

‘ने’प्रमाणेच इतर अनेक चुकांची मुळे घरच्या भाषेत सापडतात आणि त्यांवरचा उपायही बहुधा तेथेच असतो.

‘आय ॲम वेटिंग हिअर सिन्स टू अवर्स’ हे वाक्य घ्यावे. मराठीत ‘दोन तासांपासून’ आणि ‘सकाळपासून’ या दोन्ही ठिकाणी ‘पासून’ चालते. उर्दू-हिंदीत दोन्हीकडे ‘से’. इंग्रजीत मात्र सुरुवातीचा क्षण सांगताना ‘सिन्स’ आणि कालावधी मोजताना ‘फॉर’. शिवाय ‘मी दोन तासांपासून थांबलो आहे’ किंवा ‘मैं दो घंटे से इंतज़ार कर रहा हूँ’ यांत आपण वर्तमानाची रूपे वापरतो, तर इंग्रजीला मागून आजपर्यंत चालत आलेल्या क्रियेसाठी ‘हॅव बीन वेटिंग’ लागते. एका वाक्यात दोन वेगळ्या अडचणी आहेत आणि त्या एकदमच दुरुस्त केल्या तर विद्यार्थ्याला एकही कळत नाही.

अप्रत्यक्ष कथनाचा प्रश्नही असाच. ‘तो म्हणाला की मी उद्या येतो’ या वाक्यात ‘मी’ म्हणजे तो, हे आपल्याला सहज कळते. उर्दूतील ‘कि’ फारसीतून आला आहे आणि त्याच्यामागे बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवण्याची रीत आहे. त्यामुळे ‘ही सेड दॅट आय विल कम टुमॉरो’ असे लिहिणारा विद्यार्थी निष्काळजी नसतो, तो ‘कि’चा नियम पाळत असतो. ‘दॅट’ आला की बोलणारा बदलतो, आता वाक्य सांगणाऱ्याच्या बाजूने पाहायचे, एवढे सांगितले की ‘आय’चे ‘ही’ आणि ‘विल’चे ‘वुड’ का होते हे त्याला उमजते.

‘अ’ आणि ‘द’ या उपपदांचा त्रास सर्वांनाच असतो, कारण मराठी, हिंदी, उर्दू यांत उपपदे नाहीत. अरबीची थोडी ओळख असलेल्या विद्यार्थ्याजवळ येथे एक ठेवा आहे. ‘किताबुन’ म्हणजे कोणतेतरी पुस्तक आणि ‘अल-किताब’ म्हणजे ते ठरावीक पुस्तक, हे त्याला ठाऊक असते. उर्दू व्याकरणातील ‘नकिरा’ आणि ‘मारिफा’ हे शब्दही हाच भेद सांगतात. ‘द’ शिकवताना येथून सुरुवात केली तर अर्धे काम होते. मात्र सावधगिरीही हवी. अरबीत जीवन, ज्ञान अशा सामान्य अर्थाच्या शब्दांनाही ‘अल’ लागतो, इंग्रजीत तेथे ‘द’ लागत नाही. ‘द लाइफ इज शॉर्ट’ ही चूक कधी कधी त्या वाटेनेही येते.

‘यू आर कमिंग, इजंट इट ?’ या वाक्यामागे आपला ‘ना’ आणि ‘है ना’ आहे. तो कोणत्याही वाक्याला न बदलता जोडता येतो, इंग्रजीत मात्र क्रियापदाप्रमाणे शेपूट बदलावे लागते. ‘डिस्कस अबाउट’ यामागे ‘विषयी चर्चा’ आणि ‘के बारे में बहस’ आहे. प्रत्येक उदाहरणात विद्यार्थ्याने एक नियम पाळलेला आहे. तो फक्त दुसऱ्या भाषेचा आहे.

पुस्तकांतून आलेले नियम

सर्व प्रश्न घरच्या भाषेतून येतात असे नाही. काही थेट व्याकरणाच्या पुस्तकांतून येतात, आणि ते बहुधा विद्यार्थ्यांपेक्षा शिक्षकांचे प्रश्न असतात. ‘आय’ आणि ‘वुई’ यांच्यापुढे ‘शॅल’ आणि इतरत्र ‘विल’ हा नियम जॉन वॉलिस यांच्या १६५३ च्या व्याकरणात आढळतो. ते पुस्तक इंग्रजीचे असले तरी लॅटिनमध्ये लिहिलेले होते. वाक्याच्या शेवटी शब्दयोगी अव्यय येऊ नये, ही तक्रार कवी ड्रायडन यांनी १६७२ मध्ये केली. रॉबर्ट लाउथ यांचे १७६२ चे आणि लिंडले मरे यांचे १७९५ चे व्याकरण यांनी असे अनेक संकेत पक्के केले आणि मरे यांचे पुस्तक साम्राज्यभर पोहोचले.

हिंदुस्थानातील वर्गांत त्यांची जागा पुढे दोन पुस्तकांनी घेतली. वायव्य प्रांत आणि अवधच्या शिक्षण खात्यात काम केलेले जे. सी. नेसफील्ड यांची व्याकरणे १८९० च्या दशकात आली. मुंबई इलाख्यात शिक्षणाधिकारी राहिलेले आणि नंतर कादंबरीकार म्हणून प्रसिद्धी पावलेले पी. सी. रेन व त्यांचे सहलेखक एच. मार्टिन यांचे व्याकरण १९३० च्या दशकात मुंबईहून निघाले. ‘रेन अँड मार्टिन’ आजही सुधारित आवृत्त्यांतून वापरले जाते. या पुस्तकांनी कित्येक पिढ्यांना शिस्त दिली, हे नाकारता येणार नाही. परंतु त्यांतील मूळ नियम त्या काळच्या लेखी इंग्रजीचे होते. आज इंग्लंडातही ‘आय विल’ हेच सर्वसाधारण आहे आणि ‘हू डिड यू गो विथ ?’ असे विचारणारा अशिक्षित मानला जात नाही. १९८५ मध्ये रँडॉल्फ क्वर्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेले विस्तृत इंग्रजी व्याकरण हे प्रत्यक्ष वापराच्या नोंदींवर आधारलेले आहे. तेथे ‘काय असावे’ याआधी ‘काय आहे’ हे पाहिले जाते.

चूक आणि वापर

येथे दर्या-ए-लताफतची आठवण येणे साहजिक आहे. सय्यद इन्शा अल्लाह खान इन्शा यांनी १८०८ च्या सुमारास लखनऊत फारसीतून लिहिलेल्या या उर्दू व्याकरणात एक धाडसी तत्त्व मांडले आहे : शब्द अरबी असो, फारसी असो वा तुर्की, मूळ भाषेत तो कसाही असो, उर्दूत तो जसा रुळला तसाच उर्दूत तो बरोबर. हे पुस्तक पुन्हा वाचकांसमोर आणण्याचे श्रेय अब्दुल हक आणि अंजुमन यांना जाते, आणि त्याचे उर्दू भाषांतर पंडित ब्रिजमोहन दत्तात्रेय कैफी यांनी केले.

हेच तत्त्व इंग्रजीला लावले तर भारतीय इंग्रजीतील काही प्रयोग वेगळे दिसू लागतात. ‘प्रीपोन’ हा शब्द भारतात रुळला आणि इंग्रजी कोशांनी त्याची नोंद घेतली. ‘कझिन ब्रदर’ असे म्हणणाऱ्याच्या घरी चुलतभाऊ, मामेभाऊ, खालाजाद, फुफीजाद असे नेमके शब्द आहेत. नुसत्या ‘कझिन’मध्ये त्याला भाऊ की बहीण हेही कळत नाही. ब्रज काचरू यांनी १९८३ च्या आपल्या ग्रंथात इंग्रजीच्या अशा भारतीयीकरणाचा पद्धतशीर विचार केला. पिट कॉर्डर यांनी १९६७ च्या निबंधात विद्यार्थ्याची चूक ही त्याच्या शिकण्याची खूण मानली आणि लॅरी सेलिंकर यांनी १९७२ मध्ये शिकणाऱ्याच्या मधल्या अवस्थेतील भाषेला ‘इंटरलँग्वेज’ हे नाव दिले.

मात्र इन्शा यांचे तत्त्व म्हणजे सर्व काही चालते असे नव्हे. त्यांनी ‘रुळला’ ही अट घातली होती. एका विद्यार्थ्याने एकदा लिहिलेले वाक्य रुळलेले नसते. शिवाय परीक्षा, अर्ज आणि मुलाखत यांत प्रमाण इंग्रजीची अपेक्षा असते. ती न शिकवणे हे विद्यार्थ्यावर उपकार नव्हेत. ‘कझिन ब्रदर’ घरी बोलायला हरकत नाही, पण अर्जात ‘कझिन’ पुरतो, हे त्याला सांगणे शिक्षकाचेच काम आहे.

समारोप

वरील विवेचनावरून इंग्रजी व्याकरणाच्या प्रश्नांची तीन गटांत विभागणी करता येते. पहिला गट घरच्या भाषेतून येणाऱ्या चुकांचा : ‘ने’, ‘पासून’, ‘कि’, उपपदे, ‘ना’. येथे दोन भाषा शेजारी ठेवून फरक दाखवणे हाच खरा उपाय आहे. दुसरा गट जुन्या पुस्तकांतील संकेतांचा : ‘शॅल’-‘विल’, वाक्याच्या शेवटचे अव्यय. यांवर गुण कापण्यापूर्वी शिक्षकाने आजचा वापर पाहावा. तिसरा गट भारतीय इंग्रजीत रुळलेल्या प्रयोगांचा. येथे चूक-बरोबर यापेक्षा कोठे काय शोभते हे शिकवावे.

उत्तरपत्रिका तपासताना समासात केवळ फुली न मारता गटाचा आकडा लिहिण्याची सवय शिक्षकाने स्वतःला लावली, तर एका सत्रात वर्गाचे चित्र स्पष्ट होईल. पहिल्या गटातील चुका अधिक असतील तर त्या विद्यार्थ्याच्या भाषेचे व्याकरण शिक्षकाने थोडे तरी वाचले पाहिजे. मराठी शिक्षकाने मारूफ-मजहूल समजून घ्यावे, उर्दू शिक्षकाने कर्तरी-कर्मणी समजून घ्यावे. दामले, अब्दुल हक आणि गुरू यांचे ग्रंथ ग्रंथालयात एकाच फळीवर असावेत.

जामा मशिदीच्या भिंतीवर अरबी आणि संस्कृत शेजारी शेजारी कोरताना कारागिरांनी एका भाषेचे नियम दुसरीला लावले नाहीत. प्रत्येक लेख आपापल्या व्याकरणाने लिहिला गेला, म्हणून दोन्ही वाचता येतात. लालबागच्या वर्गात चौथी भाषा म्हणून इंग्रजी शिकवतानाही याहून वेगळे काही करायचे नाही.